जो भाग उजळला नाही

बोरी, ता. जिंतूर
३ फेब्रुवारी २०२५

परमू,

फोन तू उचलत नाहीस. मोठ्या बाबांच्या नंबरवरून केला, तोही लागत नाही. म्हणून तुझ्या दोस्ताकडून, दत्ताकडून, तुझा चाकणचा पत्ता घेतला. त्याच्यावर चिडू नकोस, मी त्याच्या घरी जाऊन बसले तेव्हा कुठं त्यानं दिला. आशीर्वाद आहेतच, ते लिहिण्यात जागा घालवत नाही. जे झालं ते सांगते. माझं डोकं अजून ठिकाणावर नाही, मागंपुढं झालं तर समजून घे.

गेल्या आठवड्यात तुझे अण्णा परत पडले. पंडितच्या ओट्यावर बसले होते, उठले आणि सरळ नालीत. पंडितनं आणि आणखी दोघांनी उचलून आणलं. आणताना ते तिघं हसत होते. मोठे बाबा आले, त्यांनी आता बास म्हणलं, आणि जीपमध्ये घालून अण्णाला परभणीला नेलं, दारू सोडवायच्या केंद्रात. अण्णा सगळ्या रस्त्यानं म्हणत होते की मी घेत नाही. पण तुला माहीतच आहे, त्यांची जीभ आता जड झाली आहे. नाही म्हणतात ते पण प्यालेल्या माणसासारखंच ऐकू येतं. मी मोठ्या बाबांना म्हणलं, भाऊजी, मी रोज यांच्या जवळ असते, यांच्या तोंडाला कधी वास आला नाही. ते म्हणाले, "बाई, तू अजून किती दिवस झाकणार हाईस?"

तिथं सुकेशनी मॅडम म्हणून एक डॉक्टर आहेत, वयानं तुझ्याएवढ्याच असतील. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. मला वाटलं, अण्णानं काही तमाशा केला. मॅडमनं आधी मलाच विचारलं, हे शेतात काम करतात तेव्हा घाम येतो का? मी आठवायला लागले. मे महिन्यात ट्रॅक्टरवरून उतरले तरी अण्णाचा सदरा कोरडा असायचा. मी तर मनात म्हणायचे, बरं आहे, धुवायला सोपा. मॅडम म्हणाल्या, इथं आलेल्या माणसाची दारू तुटली की तो घामानं भिजतो, हातपाय कापतात. यांच्या अंगाला घामच नाही.

मग आमच्या समोर त्यांनी अण्णाला खाटेवर निजवून बीपी बघितलं. ते जास्त होतं. मग उभं केलं आणि परत बघितलं. परमू, काटा खाली खाली जायला लागला, आणि अण्णाचे डोळे पांढरे झाले. मॅडमनं आणि नर्सनं दोन्हीकडून धरलं. परत निजवलं तर जरा वेळानं शुद्धीवर आले आणि आम्हाला बघून ओशाळले.

मॅडम मोठ्या बाबांना म्हणाल्या, "हा माणूस दारू पीत नाही. उभा राहिला की याच्या डोक्याला रक्त पोचत नाही."

मोठे बाबा तिथंच फरशीवर बसले. मी उभीच होते. मला आनंद व्हायला पाहिजे होता, मी किती दिवसांपासून हेच सांगत होते. पण मला काहीच होईना. नुसतं कानात वारं शिरल्यासारखं झालं.

आपल्या गावच्या डॉक्टरनं खाटेवर निजवूनच बीपी बघितलं होतं आणि जास्त आहे म्हणून गोळ्या चालू केल्या होत्या. त्या गोळ्यांनी अण्णा जास्तच पडत होते. मॅडमनं त्या त्याच दिवशी बंद केल्या.

तुझ्या साखरपुड्यात चारठाण्याच्या पाहुण्यांना शाल द्यायला अण्णा उठले आणि पाहुण्यांच्याच अंगावर कोसळले, पायजमा ओला झाला. ते प्यालेत असं समजून सगळ्या मांडवासमोर तू जे बोललास ते मी इथं लिहीत नाही. अण्णाचं ते सगळं या आजारानं झालं होतं. तेवढं तुला कळावं म्हणून लिहिलं.

तुझी आई


बोरी
२१ फेब्रुवारी २०२५

परमू,

तुझं उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं असं धरते.

सुकेशनी मॅडमना ज्यांनी शिकवलं ते डॉक्टर हैदराबादला आहेत, मॅडमनं त्यांच्या नावानं चिठ्ठी दिली. आम्ही तिघं परभणीहून रेल्वेनं जाऊन आलो. मोठे बाबा गाडीत अण्णाला खिडकीची जागा देऊन स्वतः दाराशी उभे राहिले. मोठ्या बाबांनी पेरू घेतला, कापला, बिया काढून धाकट्या भावाच्या हातात दिला.

हैदराबादचे डॉक्टर म्हातारे आहेत, आपल्याशी सावकाश हिंदीत बोलतात. त्यांनी समजावून सांगितलं ते तुला सांगते. आपल्या शरीरात काही कामं न सांगता होतात. उभं राहिलं की रक्त वर चढवायचं, उन्हात घाम काढायचा, लघवी धरायची आणि सोडायची. ही कामं करणाऱ्या शिरा अण्णाच्या बिघडल्यात. असं दोन आजारांत होतं आणि सुरुवातीला ते दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. एकात बिघाड मेंदूच्या बाहेरच्या शिरांत असतो. माणूस सांभाळून राहिला तर पुष्कळ वर्षं काढतो. दुसऱ्यात बिघाड मेंदूतच असतो.

मेंदूचा एक फोटो त्यांनी काढला, त्यात नक्की कळलं नाही. आता दुसऱ्या तऱ्हेचा काढायचा आहे. हातात साखरेचं औषध टोचतात. मेंदूचा जो भाग काम करतो तो ती साखर खातो आणि फोटोत उजळतो. पुढच्या महिन्यात बोलावलं आहे.

पहिलाच आजार असणार. मला तसंच वाटतं. कारण गोळ्या बंद केल्यापासून अण्णा कमी पडायलेत. पाण्यात मीठ घालून देते, पोटाला पट्टा बांधते, खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्यात. उठायचं तर आधी बसायचं, मग पाय हलवायचे, मग धरून उभं राहायचं. अण्णा हे सगळं एखाद्या शहाण्या पोरासारखं करायलेत. काल तर आंब्याच्या झाडापर्यंत जाऊन आले.

पंडित आला होता. यंदा त्यानं पेरणीला दुसऱ्याचा ट्रॅक्टर लावला होता ना, अण्णाच्या ओळी वाकड्या पडायल्या म्हणून. मेथीची जुडी ठेवून गेला.

अण्णा मला म्हणाले, परम्याला लिहिलंस का? मी लिहिलं म्हणलं. काय लिहिलं ते त्यांनी विचारलं नाही.

तुझी आई


हैदराबाद
११ मार्च २०२५

परमू,

दवाखान्यासमोरच्या झाडाखाली बसून लिहायलेय. इथल्याच पोस्टात टाकते. मला कुणालातरी सांगायचंय आणि इथं मोठे बाबा सोडून कुणी नाही. ते पलीकडं तोंड फिरवून बसलेत.

काल सकाळी फोटो काढला. अण्णाला अंधारातल्या खोलीत एकट्याला पडून राहायचं होतं, हलायचं नाही, बोलायचं नाही. त्यांना गंमत वाटली. बाहेर येऊन म्हणाले, मेंदूला साखर खाऊ घातली आणि मला सकाळपासून उपाशी ठेवलं. आम्ही तिघं हसलो. किती दिवसांनी हसलो.

आज डॉक्टरांनी अण्णाला आत निजवून ठेवलं आणि आम्हा दोघांना बोलावलं. दोघांनाच बोलावलं तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. पण मी आपली पिशवीतून गुळाचे लाडू काढत गेले, डॉक्टरांना द्यायला.

त्यांनी दोन फोटो शेजारी शेजारी लावले. एक कुणातरी निरोगी माणसाचा, एक अण्णाचा. निरोगी माणसाचा मेंदू सगळा पिवळा-लाल, चुलीतल्या निखाऱ्यासारखा. अण्णाचा पण वरून तसाच होता. मी लगेच म्हणलं, सारखाच आहे की साहेब. त्यांनी मानेच्या वर, पाठीमागच्या बाजूला बोट ठेवलं. त्याला लहान मेंदू म्हणतात. चालताना तोल सांभाळायचा, जीभ नीट वळवायची, ते काम त्याचं. तिथं अण्णाच्या फोटोत निळं होतं. काळंनिळं. आतमध्ये आणखी एका जागेवर तसंच होतं. त्या भागानं साखर खाल्लीच नाही.

दुसरा आजार आहे परमू.

डॉक्टर म्हणाले, हा फोटो नसता तर आणखी वर्षभर आपण दोन्हींच्या मधेच राहिलो असतो. मग सांगितलं की यावर औषध नाही. त्रास कमी करायची औषधं आहेत. हळूहळू चालणं जाईल, बोलणं जाईल, गिळायला अवघड होईल. मोठ्या बाबांनी विचारलं, किती? ते म्हणाले, कुणाचं जास्त, कुणाचं कमी, पण थोडी वर्षं. अण्णाला सुरुवात होऊन तीन वर्षं होत आलीत, ती त्यातच धरायची.

मी लाडवाचा डबा हातात धरून उभी होते. तो कुठं ठेवावा कळेना. शेवटी टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी डब्याला हात लावला आणि थँक्यू म्हणाले. मला ते थँक्यू अजून ऐकू यायलंय.

मागच्या पत्रात तुला एक लिहिलं नव्हतं. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते की यांची जीभ अडखळते, त्याची मला काळजी वाटते. मी ते तुला कळवलं नाही, स्वतःलाही कळू दिलं नाही.

अण्णा बाहेर यायलेत. मोठे बाबा उठलेत. थांबते.

आई


बोरी
१७ मार्च २०२५

परमू,

मागचं पत्र मी तिथून घाईत टाकलं, म्हणून हे लगेच लिहायलेय. हे नीट वाच. अण्णाला आम्ही सांगितलेलं नाही.

रेल्वेत ते म्हणाले, काय निघालं? मोठ्या बाबांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "निघालं ना, मेंदूचा आजार हाय तुला. दारू न्हाई." फिल्मवरची काळी जागा दाखवली, त्याच्यापुढचं त्यांना बोलवलं नाही. मलाही नाही. आणि अण्णा एवढे खुश झाले की मग आमचं तोंडच बंद झालं.

धुळवडीला काय केलं ऐक. तुला माहीत आहे, दोन वर्षं त्या दिवशी ते घराबाहेर पडत नव्हते. सगळं गाव घेतं आणि बोट यांच्याकडं करतं. यंदा सकाळीच म्हणाले, मला चौकात न्या. मोठ्या बाबांनी आणि पंडितनं धरून नेलं, लिंबाखाली खुर्ची टाकून दिली. त्या फोटोची मोठी पिशवी अण्णानं मांडीवर घेतली होती. जो येईल त्याला आतली फिल्म उन्हात धरून दाखवायचे, हा बघा माझा मेंदू, ही काळी जागा बघा, म्हणून मी पडतो. अर्ध्यांना त्यांचं बोलणं कळत नव्हतं, पण फिल्म सगळे बघत होते. काहीजण पाया पडले. एकजण रडला सुद्धा, पण तो प्यालेला होता.

मी दुरून बघत होते. जी काळी जागा ते बोटानं दाखवत होते, ती काय आहे ते मला माहीत होतं. मला वाटलं, आता मीच खाली पडते.

तर तू येणार असशील तर काही बोलू नकोस. फोन केलास तरी बोलू नकोस. हे त्यांचे चांगले दिवस चाललेत, तेवढे जाऊ दे.

आई


बोरी
२३ मार्च २०२५

परमू,

तू गेल्यापासून मी तुला काय लिहावं ते ठरवत होते.

माझं धुळवडीनंतरचं पत्र तुला मिळालं नव्हतं, ते मला तू पिशवी उचलून निघालास तेव्हा कळलं. तुझ्याकडं फक्त हैदराबादचं पत्र होतं. ते वाचून तू ड्युटीवरून तसाच गाडीत बसलास, घरात आलास, अण्णाच्या पायाशी बसलास आणि म्हणालास, "अण्णा, डॉक्टर थोडीच वर्षं म्हणाले, तर आपण दुसऱ्या डॉक्टरला दाखवू, मी नेतो तुमाला." तू काय चुकीचं बोललास? तुला वाटलं, त्यांना माहीत आहे.

अण्णा तुझ्याकडं बघतच राहिले. मग माझ्याकडं बघितलं. ते मी कधी विसरणार नाही. मी चुलीपुढून उठले नाही, मला उठवलंच नाही. आणि तुला ते दिसलं, आणि तू काय केलंस ते तुझ्या ध्यानात आलं, आणि तू निघून गेलास. दत्ता म्हणतो, तू जिंतूर फाट्यापर्यंत पायी गेलास.

तू गेल्यावर काय झालं ते सांगते, कारण तू तेच मनात धरून बसला असशील.

संध्याकाळी अण्णानं मोठ्या बाबांना बोलावून घेतलं. म्हणाले, खरं सांग. मोठ्या बाबांनी सांगितलं. सांगताना त्यांनी अण्णाचे दोन्ही हात धरले होते. दोघं लहान असताना असेच हात धरून विहिरीत उडी मारायचे म्हणतात, मी बघितलं नाही. अण्णानं सगळं ऐकून घेतलं आणि फिल्म मागितली. चौकात ज्याला त्याला दाखवली होती, तीच. खिडकीकडं धरून एकटेच बघत बसले. मग म्हणाले, "मी समद्या गावाला माझं मरण दाखवत फिरलो की रे."

दोन दिवस जेवले नाहीत. माझ्याशी बोलले नाहीत. तो राग माझ्यावर होता, तुझ्यावर नव्हता, आणि तो बरोबर होता. माझ्याच देहाचं मलाच सांगितलं नाही, असं ते तिसऱ्या दिवशी म्हणाले. मी म्हणलं, तुमी एवढे खुश होता. ते म्हणाले, खुश होतो, पण येड्यासारखा होतो ना.

मग त्यांनी मला बसवून एकेक विचारायला सुरुवात केली. आधी काय जाणार? चालणं का बोलणं? मी सुकेशनी मॅडमना फोन लावून दिला. स्पीकरवर त्यांनी काही लपवलं नाही. मॅडम म्हणाल्या की आवाज हळूहळू जाईल, कधी ते सांगता येत नाही, पण ज्याच्याशी बोलायचंय त्याच्याशी आता बोलून घ्या.

फोन ठेवल्यावर अण्णा म्हणाले, "परम्याला लिही. आवाज हाय तवर ये म्हणावं. मंग नुसतं बघाया येऊ नको."

त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं आहे.

आई


बोरी
९ एप्रिल २०२५

परमू,

काल तुझा मोठ्या बाबांना फोन आला, शनिवारी येतो म्हणालास आणि सुट्टी जास्तीची घेतलीस. हे पत्र त्याच्या आत पोचेल का नाही, ठाऊक नाही. म्हणून पोस्टात टाकत नाही, दत्ता उद्या पुण्याला यायलाय, त्याच्या हाती देते. गाडीत बसण्याआधी वाच.

अण्णा आता काठी घेऊन पण एकटे चालत नाहीत. गेल्या पंधरा दिवसांत जास्तच खालावलेत. चहा पिताना ठसका लागतो, म्हणून त्यात नाचणीचं पीठ शिजवून जरा घट्ट करून देते, त्यांना आवडत नाही. बाकी जेवायलेत. चिडचिड कमी झाली आहे. मी समोर बसले की पूर्वीसारखं बोलतात, म्हणजे भांडतात.

तुला ये म्हणून लिहिल्यापासून ते रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचायलेत. मला वाटलं, वेळ जावा म्हणून. मग कळलं की जिभेला वळण लावायलेत. वाचतात आणि मला विचारतात, कळलं का? मी कधी कळलं म्हणते, कधी खरं सांगते. आता मी त्यांच्याशी खोटं बोलत नाही, ते मला जमेना झालंय.

काल पेपर बाजूला ठेवला आणि एकच वाक्य परत परत म्हणायला लागले. भिंतीकडं तोंड करून. मी दाराआड होते. तुझ्यासाठीच आहे ते, साखरपुड्यातल्या तुझ्या बोलण्यावरचं, म्हणून मी तुला सांगायला नको. पण सांगते, कारण त्यातला एखादा शब्द त्या दिवशी घोळला, तर तू घाबरशील आणि परत निघून जाशील.

"तुज्या जागी मी असतो, तर मीबी तेच म्हणलो असतो."

'जागी' नीट येतं. 'तेच' नीट येत नाही, त्याचं 'तेत' होतं. तिथं थांबतात, घोट गिळतात आणि परत पहिल्यापासून सुरू करतात.

तर शनिवारी तू आलास की दारातूनच त्यांच्या शेजारी खाली बस, नाहीतर ते तुझ्यासाठी उठायला जातील. मग ते बोलतील. वेळ लागेल. मधे त्यांना शब्द पुरवू नकोस. आधी माहीत असल्यासारखं तोंड करू नकोस. आणि नाही कळलं तरी, परमू, काय म्हणलात असं विचारू नकोस.

तुझी आई